घराला कुलूप, रानात या

रात्रभर बसमध्ये अवघडून, टेंभुर्णी-बार्शी-मुरूड असे धक्के मोजत लातूर गाठलं. तिथून गाव. घरासमोर पोचलो तर दाराला कुलूप. शेजारच्या दारालाही कुलूप. गल्लीत एक कुत्रं तेवढं उन्हाला पडलेलं. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "घराकडं कशाला गेलास? रानात ये की सरळ."

चूक माझीच. येळवशीला घरी जायचं नसतं, हे पुण्यात राहून मी दरवर्षी विसरतो.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. पंचांगवाले वेळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ आणि सीमेपलीकडं याच दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात, त्यामुळं आमचं अडाणी वाटणारं 'येळवस'च मूळ नावाच्या जास्त जवळचं आहे, असं माझं मत. लातूर, धाराशिव आणि सोलापूरसह आसपासचा काही भाग सोडला तर बाकीच्या महाराष्ट्राला हा सण ठाऊक नाही. सुट्टी मागताना याचा फार त्रास होतो. "अमावास्येची सुट्टी?" असं विचारताना साहेबांच्या डोळ्यांपुढं लिंबू-मिरची तरळत असणार. त्यात २०२३ साली अधिक श्रावण आला आणि त्या अख्ख्या वर्षात येळवस आलीच नाही. मग २०२४ मध्ये ११ जानेवारीला एक आणि ३० डिसेंबरला दुसरी. एकाच सणाची वर्षात दोनदा रजा! तेव्हा मी पोट बिघडल्याचं सांगितलं. परत आल्यावर ते खरंही झालं होतं.

कारण आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, त्यात लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर. रानात मातीच्या भांड्यात गार राहिलेली आंबील पहिल्या पेल्याला आंबट लागते. तिसऱ्या पेल्यानंतर मोजायचं सोडून द्यायचं. आणि भज्जी. पुण्यात भज्जी म्हटलं की लोक कांदाभजी समजतात. आमची भज्जी कढईत रटरटते. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, चिंच, आणि वरून बेसन. काकू ती कधी मोजून करत नाही. तिला प्रमाण विचारलं तर म्हणते, "माणसं किती हायत ते बघायचं अन् त्याच्या दुप्पट करायचं." बाजरीचा उंडा भज्जीत कुस्करायचा आणि बोटं पोळेपर्यंत थांबायचं नाही.

मी पोचलो तेव्हा काका कोप बांधत होते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांचे शेंडे एकत्र बांधले की झाली कोप. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. आमच्या शिवारात आता सगळीकडं सोयाबीन आणि हरभरा, ज्वारी नावाला. कडबा काकांनी दुसऱ्याच्या रानातून मागून आणला होता. हे त्यांना आवडलेलं नाही, हे पेंढ्या आवळायच्या जोरावरून कळत होतं.

२०१६च्या जानेवारीत तर ओल्या शेंगाही नव्हत्या. त्या दुष्काळात उभं पीकच नव्हतं. बाजारातून वाटाणे आणून आईनं भज्जी केली, आणि भेगाळलेल्या काळ्या रानात बसून आम्ही खाल्ली. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या येळवशीला कुणी फार बोललं नव्हतं, पण रानात यायचं मात्र कुणी चुकवलं नव्हतं.

यंदा तूर शेंगांनी वाकली होती. पूजा झाली, आंबिलीचं भांडं घेऊन काका पुढं आणि पोरं मागं, पिकावर आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडत फेरी झाली. याचा अर्थ मी लहानपणी आजीला विचारला होता. ती म्हणाली, "अर्थ कशाला पायजे? मोठ्यानं म्हण." बांधावरून जाणारा एक अनोळखी माणूस दिसला तर आईनं त्याला हाक मारून बसवलंच. नाव विचारायच्या आधी त्याच्या पुढ्यात पत्रावळ होती. "खावा की, लाजायलाव कशाला?"

दिवस कलला. पोरं हेंडगा, म्हणजे चूड, पेटवून पिकाभोवती पळाली, आणि बघता बघता चारी बाजूंच्या रानांत तसेच जाळ हलायला लागले. मग दूध उतू घालायची वेळ. मातीच्या बोळक्यातलं दूध ज्या दिशेला सांडेल, तिकडं पुढच्या साली पीक चांगलं. सगळे वाकून बघत होते. पोरांचे दोन तट पडले होते. काका मान खाली घालून चुलीपाशी बसले, जाळ सारखा केला, आणि बोळकं ठेवता ठेवता त्याच्या पश्चिमेच्या कडेखाली हळूच एक खापरी सरकवली.

आमचं रान पूर्वेला आहे.