उजवा हात मागे

पोकलेन शिकायला गेलो तेव्हा पहिले तीन दिवस मला लिव्हरला हातच लावू दिला नाही. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. यंत्राला म्हणायचं एक्सकॅव्हेटर, पण साइटवर तसं म्हणणारा मला अजून भेटायचाय.) बकेटचे दात हलतात का बघ, पिनांना ग्रीस मार, मशीन जिच्यावर चालतं ती चेन किती सैल आहे ते बघ, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, कूलंट. एक होज, म्हणजे तेलाची नळी, ओलसर दिसला म्हणून बोट फिरवायला गेलो, तर उस्तादांनी मनगटच धरलं. आत साडेतीनशे बारच्या आसपास दाब असतो. सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडी फोडून आत घुसते.

"पुठ्ठा धर पुठ्ठा. बोटं घरी न्यायचीत ना?"

चौथ्या दिवशी खुर्चीत बसलो. डावा लिव्हर आडवा ढकलला की केबिन फिरते, पुढे-मागे केला की आर्म, म्हणजे बकेट धरलेला पुढचा दांडा, लांब जातो किंवा जवळ येतो. उजवा मागे ओढला की बूम, म्हणजे केबिनजवळचा मोठा दांडा, वर, पुढे ढकलला की खाली; आडवा केला की बकेट मिटते, उघडते. सांगायला एवढंच. पण बकेट भरून वर येताना या चारही हालचाली एकदम चालतात आणि मला मात्र एकेक करून सुचायच्या. मशीन उचक्या दिल्यासारखं हलायचं. सकाळी चर खणायचा, दुपारी तोच बुजवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच खणायचा. रात्री झोपेत माझी मनगटं हलतात असं बायको सांगायची. महिना संपता संपता हात आपले आपण चालायला लागले. 'आता उजवा मागे' असं मनात म्हणावं लागेना. मला वाटलं, आलं!

नोकरीचं मात्र घोडं अडलं. सर्टिफिकेट दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तास किती चालवलंय? शिकतानाचे तास कुणी धरत नाही. चार ठिकाणी हात हलवत परत आल्यावर पाचव्या ठिकाणच्या सुपरवायझरांनी सांगितलं, "उद्या या, चालवून दाखवा."

२० टनी मशीन होतं. त्यांनी चुन्याची रेघ दाखवली. १० मीटर लांब, १.२ मीटर खोल चर, तळ सपाट. मी शिकवल्याप्रमाणे मशीनभोवती फेरी मारली. स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, मागच्या बाजूला आहे ना ते पाहिलं, कारण केबिन उलटी फिरलेली असली की पेडल पुढे दाबल्यावर मशीन मागे जातं. माती कडेपासून दोन-अडीच फूट लांब टाकणार हेही न विचारता सांगून टाकलं. कडेला ढीग केला तर त्याच्याच वजनाने चर ढासळतो. सुपरवायझरांनी मान डोलावली. केबिनमध्ये लिव्हरचं चित्र असलेलं स्टिकर होतं. त्यावर नजर टाकली, तर अगदी मी शिकलो तसंच. पट्टा लावला, इंजिन चालू केलं, लिव्हरचा लॉक काढला आणि जमिनीवर टेकलेली बकेट उचलायला उजवा लिव्हर मागे ओढला.

बूम हललाच नाही. आर्म आत आला. बकेट जमीन खरवडत सरळ माझ्याकडे निघाली.

आणि हात काय करतोय? बूम उठत नाही म्हणून आणखी मागे ओढतोय. डोक्याला कळलं होतं की काहीतरी चुकतंय, पण महिनाभर घोटलेला हात डोक्याचं ऐकेना. शेवटी लिव्हर सोडलाच. सोडला की तो मध्ये येतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. बकेटचे दात आणि चेन यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. लॉक लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरलो. पाय लटपटत होते.

"काय झालं?"

"साहेब, लिव्हरचा पॅटर्न उलटा आहे. बूम डाव्या हातात आलाय, आर्म उजव्यात."

अनेक मशीनांत हा पॅटर्न बदलायचा व्हॉल्व्ह असतो. तिथल्या ऑपरेटरचं आयुष्य दुसऱ्या पॅटर्नवर गेलेलं, म्हणून त्याने तो फिरवून घेतला होता. स्टिकर मात्र जुनंच. राग आला, खोटं कशाला बोलू. पण नवीन मशीनवर बसलं की आधी एकेक लिव्हर केसभर हलवून बघायचा, हे मलाही शिकवलं होतं. सुपरवायझरांवर छाप पाडायच्या नादात मी तेवढंच गाळलं.

सुपरवायझरांनी व्हॉल्व्ह फिरवून घ्यायला सांगितलं. मग चर खणला. तळ दोन ठिकाणी चार बोटं खोल गेला, वेळही दुप्पट लागला. त्यांनी काठी घालून खोली मोजली आणि म्हणाले, "महिनाभर हेल्पर म्हणून राहा. ऑपरेटर जेवायला गेला की मशीन तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रीस मारायच्या आधी व्हॉल्व्ह पाहिला. ऑपरेटरने तो परत आपल्याकडे फिरवून घेतला होता. केबिनचं दार उघडलं, तर स्टिकरवर पेनाने मोठी फुली मारलेली होती.