मीटरवर ओके, स्टेजवर गायब

बास गिटारचं एक कॅबिनेट माझ्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन गेलं. आता ते व्यवस्थित वाजतंय. तरी ती केस डोक्यातून जात नाही, कारण माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला, त्या सगळ्यांचं मीटर बरोबरच दाखवत होतं.

कॅबिनेट १० इंची ४ वूफरचं, म्हणजे खालचा आवाज काढणाऱ्या चार स्पीकरचं. पेटी बंद, पोर्ट (हवा जायचं भोक) नाही. मालक ऑर्केस्ट्रात पाच तारांचा बास वाजवतो. त्याची तक्रार दुहेरी होती. एक, स्टेजवर बास अंगावर येत नाही, नुसती तारेची टकटक ऐकू येते. दोन, वूफर टिकत नाही. त्यातही उजवीकडचा वरचा. एकदा तो जळाला म्हणून कोन-कॉइल, म्हणजे हलणारा पडदा आणि त्याला हलवणारी तारेची गुंडाळी, बदलून आणली. काही महिन्यांत तो पुन्हा गेला, पुन्हा बदलला, आता पुन्हा बंद. "काका, या वेळी त्या जागी जास्त वॅटचा वूफर टाका," असं त्याचं म्हणणं होतं.

हे मी कुणाचंही ऐकत नाही. चारपैकी एकच वूफर वेगळा टाकला तर त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती आवाज) वेगळी, रेझोनन्स (तो स्वतःहून ज्या सुरावर जास्त हलतो तो) वेगळा. एक पुढे ओरडतो, तीन मागे राहतात आणि पेटीचा सगळा हिशोब बिघडतो. वॅटचा आकडा ही कॉइल किती उष्णता सोसेल त्याची मर्यादा आहे. वूफर किती आवाज काढेल हे त्यावरून कळत नाही. पण दुकानात गिऱ्हाईक वॅट विचारतं आणि दुकानदार वॅट विकतो.

आधी मीटर लावलं. ८ ओहमच्या वूफरचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ ओहम येतो. या पेटीत दोन-दोन वूफर सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये, म्हणजे चारही जिवंत असतील तर बाहेरच्या सॉकेटवर पुन्हा ६ च्या आसपास दिसायला हवं. दिसले १२. याचा अर्थ एक जोडी पूर्ण तुटलेली आणि दुसरी एकटी वाजतेय. सिरीजमधला एक गेला की त्याच्याबरोबरचा चांगलाही गप्प बसतो, त्यामुळे "एकच वूफर गेलाय" म्हणत त्याच पेटीवर शो काढणारे उरलेल्या दोघांच्या छातीवर सगळा भार टाकत असतात.

पेटी पाठीवर आडवी टाकली. उभ्या पेटीतून १० इंची वूफर काढायला गेलं की शेवटचा स्क्रू निघताच मॅग्नेटच्या वजनानं तो खाली घसरतो आणि स्क्रूड्रायव्हर कोनातून आरपार जातो. उजवा वरचा काढला. टर्मिनलवर मीटर धरलं तर ओपन, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. इथपर्यंत सगळे येतात आणि "कॉइल गेली" म्हणून वूफर रिकोनिंगला, म्हणजे कोन-कॉइल बदलायला, पाठवतात. मी मीटरच्या सुया टर्मिनलवरून उचलून कोनावर, जिथे विणलेली लीड वायर कॉइलच्या तारेला जोडलेली असते, त्या दोन टाक्यांवर धरल्या. ६ ओहम! कॉइल जिवंत होती. तुटली होती ती टर्मिनलपासून कोनापर्यंत येणारी लवचिक तार, आणि तीही मधोमध, जिथे ती सगळ्यात जास्त वाकते.

कोनाच्या मधली डस्ट कॅप ब्लेडनं कापून आत टॉर्च मारला. जळलेली कॉइल ओळखायला शिकावं लागत नाही: वार्निश काळं पडतं, वास येतो, वेढे सुटतात. ही कॉइल तांबूस, नवी असावी तशी. मात्र फॉर्मरची (कॉइल जिच्यावर गुंडाळलेली असते त्या नळीची) खालची कड चेपलेली आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचिक चकती) एका बाजूनं फ्रेमपासून सुटू लागलेला. म्हणजे कोन इतका मागे जात होता की कॉइल मॅग्नेटच्या मागच्या प्लेटवर आपटत होती.

इथे मी काम थांबवलं. पाच तारांच्या बासची बी तार सुमारे ३१ हर्ट्‌झवर असते, ई तार ४१ हर्ट्‌झवर. तोच आवाज हवा असेल तर एक सप्तक खाली उतरताना कोनाला चौपट हलावं लागतं, म्हणून बी तारेवर वूफर आपटतात हे नवं नाही. पण तसं झालं तर आवाजही तेवढा मोठा यायला हवा. इथे कोन मरेपर्यंत हलतोय आणि बासवाला म्हणतोय की बासच येत नाही. दोन्ही खरं असेल तर हललेली हवा जातेय कुठे?

ती शेजारचा वूफर खात होता.

तुटलेल्या तारेच्या जागी तात्पुरती पातळ वायर सोल्डर केली. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घेतला आणि प्लस लाल ठिपक्याच्या टर्मिनलला, मायनस दुसऱ्याला, असा क्षणभर टेकवला. कोन आत गेला. बाकीच्या तिघांना तसाच सेल लावला, तिन्ही बाहेर आले. पेटीतल्या वायरी मी आधीच बघितल्या होत्या: चारही ठिकाणी लाल वायर लाल ठिपक्यावर. डोळ्यांना एकही चूक दिसत नव्हती. चूक ठिपक्यातच होती. त्या वूफरची टर्मिनलची पट्टी मूळची नव्हती. पहिल्या दुरुस्तीत कुणीतरी नवी बसवली होती आणि उलटी बसवली होती. पुढच्या रिकोनिंगमध्ये कारागिरानं लीड वायरी नेहमीच्या बाजूंना नेल्या, त्यामुळे वूफर पुन्हा उलटाच झाला.

आता चार वूफरमधला एक उलटा असेल तर काय होतं ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण "थोडा आवाज कमी होईल" एवढ्यावर सोडून देतात. तीन कोन हवा पुढे ढकलतात, एक मागे ओढतो. चारऐवजी दोनाचाच जोर उरतो, म्हणजे खालच्या पट्टीत ६ डेसिबल गेले. ४१ हर्ट्‌झची लाट सव्वाआठ मीटरच्या पुढे लांब असते आणि हे कोन एकमेकांपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे खालचा आवाज जवळपास अचूक वजा होतो. वरच्या पट्टीत लाट आखूड, तिथे वजाबाकी नीट जमत नाही, म्हणून तारेची टकटक शाबूत राहते. बासवाल्याचं वर्णन पहिल्या दिवसापासून तंतोतंत होतं. लोकांनी त्यातून फक्त "बास कमी" एवढंच ऐकलं.

दुसरी गोष्ट पेटीच्या आतली, आणि ती जास्त घातक. बंद पेटीतली हवा कोनाला स्प्रिंगसारखी धरून ठेवते. तीन कोन बाहेर जातात तेव्हा आतला दाब कमी होतो आणि तो प्रत्येक कोनाला आत ओढतो. त्या तिघांना त्यानं लगाम बसतो. उलटा वूफर मात्र त्याच क्षणी आतच निघालेला असतो. त्याला लगाम बसायच्या ऐवजी मागून धक्का मिळतो. म्हणून चौघांत सगळ्यात जास्त हलतो तो हा एकटा, आणि पहिल्या दुरुस्तीनंतर दर वेळी मरतोही तोच. जागा अपशकुनी नव्हती आणि वूफरचा मालही खराब नव्हता.

तिसरं काम बासवाल्याच्या हातानं झालं, आणि त्यात त्याला मी दोष देत नाही. ऐकू येत नाही म्हटल्यावर कुणीही बासचा नॉब फिरवणार. ६ डेसिबल भरून काढायला अँपला चौपट पॉवर द्यावी लागते. अनेक अँपमध्ये तो नॉब १५ डेसिबलपर्यंत उचलतो, म्हणजे त्या पट्टीत साधारण ३२ पट पॉवर मागितली जाते. तेवढी कुठल्याच अँपमध्ये नसते. अँप क्लिप होतो (त्याची मर्यादा संपून आवाज फाटतो) आणि जे काही मिळतं ते सगळं त्या बिचाऱ्या उलट्या कोनाला हलवण्यात जातं.

मधल्या काळात त्यानं तारा बदलल्या, अ‍ॅक्टिव्ह सर्किटची ९ व्होल्टची बॅटरी बदलली, पिकअपची उंची कमी-जास्त केली, शेवटी एक पेडलही घेतलं. गडकरी रंगायतनला, वाशीच्या भावे नाट्यगृहात, जिथे जिथे त्यानं साऊंडवाल्याला विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं: "बाहेर मस्त येतोय." ते खोटं बोलत नव्हते. मिक्सरला सिग्नल अँपच्या डीआय आउटमधून (मिक्सरला थेट जोडायच्या सॉकेटमधून) जातो, कॅबिनेटच्या आधीच. प्रेक्षकांनी ते कॅबिनेट कधी ऐकलेलंच नव्हतं. पण चार पावलं चालून स्टेजवर येऊन बासवाल्याच्या जागी उभं राहून ऐकण्याची तसदी एकानंही घेतली नाही, आणि हे मला खटकतं. वाजवणाऱ्याला काय ऐकू येतं, हा आपल्याकडे अजून साऊंडच्या कामाचा भाग धरत नाहीत.

दुरुस्तीचं थोडक्यात. फॉर्मर चेपलेला असल्यामुळे नुसती तार जोडून भागणार नव्हतं. कोन, स्पायडर, कॉइल सगळं उतरवलं. मॅग्नेटच्या फटीत लोखंडाचा कीस असतो, तो फुंकून निघत नाही. जाड कार्डाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून ती फटीत फिरवायची, पट्टी स्वच्छ येईपर्यंत. कॉइल मधोमध बसावी म्हणून मॅग्नेटच्या मधल्या पोलभोवती पातळ फिल्मच्या पट्ट्या घालून मग गोंद. ठाण्याच्या पावसाळी हवेत डब्यावर लिहिलेल्या वेळेवर मी विश्वास ठेवत नाही, दुप्पट थांबतो. घाईत पट्ट्या काढल्या की कॉइल केसभर सरकते आणि महिन्याभरात घासायला लागते. सुकल्यावर ३० हर्ट्‌झचा टोन अगदी हळू देऊन कान जवळ नेला, खरखर नव्हती. लीड वायरीला पुरेसा झोल ठेवला. मग टर्मिनलची पट्टी सुलटी बसवली आणि पुन्हा सेल लावला. कोन बाहेर आला.

ज्यांच्याकडे दोन कॅबिनेट आहेत किंवा ज्यांनी कधी वूफर बदलून घेतलाय, त्यांनी हे घरी करावं. स्पीकरची केबल अँपमधून आधी काढा. अँपला जोडलेली असताना बॅटरी कधीही लावायची नाही. अख्ख्या कॅबिनेटला ९ व्होल्टची बॅटरी घ्या. जॅक असेल तर टोकाला प्लस आणि दांड्याला मायनस. स्पीकॉन (फिरवून बसणारा स्पीकरचा प्लग) असेल तर १ प्लस आणि १ मायनस. अर्धा सेकंद टेकवा, जास्त नाही. दुसऱ्यानं जाळीतून तिरका टॉर्च मारून बघायचं. सगळे कोन एकाच दिशेला उडी मारायला हवेत. ट्विटर हलणार नाही, त्याच्या आधी कपॅसिटर असतो, फार तर टिक ऐकू येईल. दोन कॅबिनेट असतील तर दोन्हींची दिशा एकच हवी, आणि केबलही याच खेपेत तपासा. घरी सोल्डर केलेल्या केबलीत उलटापालट सर्रास सापडते. ओहममीटरच्या सुया उलटसुलट केल्या तरी आकडा तोच येतो, त्यामुळे दिशेबद्दल ते काहीही सांगू शकत नाही.

अँपेग कंपनीच्या ८ वूफरच्या प्रसिद्ध पेटीत आतून चार बंद कप्पे असतात, प्रत्येकात दोन वूफर. तिथे एक उलटा झाला तर तो आपल्या जोडीदाराला पुरता पुसून टाकेल आणि बाकीचे सहा वाजत राहतील, त्यामुळे कानाला ओळखणं आणखी अवघड.

त्या रिकोनिंगवाल्याला मी फोन केला, भांडायला नाही. तो म्हणाला, "साहेब, लाल ठिपक्यालाच लाल वायर आहे, बघून घ्या." जेबीएलच्या जुन्या वूफरमध्ये लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जायचा, ती त्या कंपनीची पद्धतच होती. त्यावर हात बसलेल्या कारागिराला "आत गेला" यात वावगं वाटणार नाही, हे मला पटतं. पण सेल लावून बघितलाच नव्हता, हे त्यानंच सांगितलं. बिलावर "कोन-कॉइल बदलली" असं लिहिलेलं, आणि ती खरंच बदलली होती. बासवाल्यानं पैसे परत मागायचे तर कुठल्या मुद्द्यावर मागायचे, हे मला त्याला सांगता आलं नाही.

पेटी घेऊन जाताना त्यानं वर्कशॉपमध्येच बी तार वाजवून बघितली. बासचा नॉब मधल्या खुणेवर होता आणि टेबलावरची नटबोल्टची वाटी थरथरत होती. मी त्याला ३५ हर्ट्‌झच्या आसपास हायपास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायला सांगितला, तरीही. माझ्या बिलावर आता कामाच्या खाली एक ओळ वाढली आहे: "बॅटरी टेस्ट, चारही बाहेर." वूफरच्या मागे मॅग्नेटवर मार्करनं बाणही काढून ठेवतो, पुढे ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी.