आमची वाटचाल : ४०७ गाडी, छातीचे फोटो आणि एक अडकलेलं बिल

२००६ च्या पोळ्यानंतर आम्ही टाटा ४०७ घेतली, सेकंडहँड, आणि नागपुरात कामठी रोडवरच्या एका बॉडीवाल्याकडे दोन महिने उभी ठेवून तिच्यात एक्स-रे रूम बनवून घेतली. शिशाचा पत्रा, मागच्या बाजूला डार्करूम, ३०० एमएचं मशीन, आणि खाली ओढून न्यायचा डिझेल जनरेटर. खाणीतल्या, क्रशरवरच्या माणसांच्या छातीचा फोटो, फुप्फुसाची फुंक (जोरात फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजणं) आणि कानाची तपासणी त्यांच्या कामाच्या जागेवर जाऊन करायची, हा आमचा धंदा. आजही तोच आहे.

पैसे माझे आणि बायकोचे, पण अक्कल काकांची. काका म्हणजे सख्खे काका नाहीत, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले एक्स-रे टेक्निशियन, छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. भागीदारीत पंचवीस टक्के त्यांचे होते आणि त्यांनी एक पैसा घातला नव्हता, तरी मला कधी वाटलं नाही की जास्त दिले. पहिल्या दिवशीच त्यांनी गाडीच्या भिंतीवर खडूने लिहिलं, सहा फूट. ट्यूबपासून फिल्मच्या कॅसेटपर्यंत सहा फूट अंतर मिळालंच पाहिजे, नाहीतर हृदयाची सावली मोठी दिसते. बॉडीवाला म्हणे चार फुटात भागवा, जागा नाही. काकांनी ड्रायव्हरच्या मागची भिंत पुढे सरकवायला लावली, आमचा ड्रायव्हर सहा वर्षं गुडघे दुमडून गाडी चालवत होता, पण सहा फूट मिळाले म्हणजे मिळाले.

खाणवाल्याचा फोटो आणि साधा छातीचा फोटो यात फरक असतो हे ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. आपल्याला न्यूमोनिया नाही शोधायचा, सिलिकोसिसचे, म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराचे, एक-दीड मिलीमीटरचे ठिपके शोधायचेत. केव्ही (ट्यूबचा दाब) वर न्यायचा, विखुरलेले किरण अडवणारी ग्रिड लावायची, एक्स्पोजर एकदम कमी वेळाचं, कारण वेळ लांबला की हृदयाच्या धडधडीने बाजूचे ठिपके पुसले जातात. खांदे पुढे, म्हणजे फऱ्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला होतात, आणि श्वास पूर्ण आत. काका माणसाला दोनदा खोटा श्वास घ्यायला लावायचे आणि तिसऱ्या वेळी बटन दाबायचे. फिल्म १४ बाय १७ इंचाचीच. १२ बाय १५ वर पैसे वाचतात पण रुंद छातीच्या माणसाचे खालचे कोपरे कापले जातात. मग ती फिल्म डॉक्टर आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) स्टँडर्ड फिल्मशेजारी लाइटबॉक्सवर लावून वाचणार, ठिपके आकाराने पी की क्यू की आर, दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत, आणि सगळ्यात आधी फिल्मची प्रत म्हणजे दर्जा, १ ते ४. ४ म्हणजे वाचायच्या लायकीची नाही. काकांच्या हातची ४ नंबरची फिल्म मी आयुष्यात पाहिली नाही.

मधली वर्षं चांगली गेली, मॅंगनीजच्या खाणींवरची ठेकेदारांची माणसं, कोळशाकडचे ठेकेदार, दर पाच वर्षांची पीएमई म्हणजे ठरलेली वैद्यकीय तपासणी, तिचा दाखला फॉर्म ओ, सगळं सुरळीत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते डीएमएफबद्दल. २०१५ ला खाण कायदा बदलला आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या लीजवाल्याने रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात घेतलेल्याने १० टक्के जास्तीचे भरायचे, आणि तो पैसा खाणीमुळे त्रास झालेल्या माणसांवर, गावांवर खर्च व्हायचा. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत ६० टक्के पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण असल्या गोष्टींवर ठेवला होता, २०२४ मध्ये तो ७० केला. आरोग्याच्या कलमात तर नागपुरात वाडीला असलेल्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेचं नाव घेऊन लिहिलं होतं की त्यांचं ज्ञान वापरा. (ती संस्था २०१९ ला आयसीएमआरच्या अहमदाबादवाल्या संस्थेत विलीन झाली.) ते कलम वाचलं त्या दिवशी मी प्रिंट काढून काकांकडे घेऊन गेलो. आम्हाला वाटलं, आता आपले दिवस आले.

एक गोष्ट स्पष्ट करतो कारण लोक गल्लत करतात. नोंदलेल्या खाणीतल्या माणसाची तपासणी मालकाने स्वतःच्या खर्चाने करायची असते, तेव्हा खाण कायदा १९५२ चा होता, त्यात सरकारी पैशाचा प्रश्नच येत नाही. पण दगडाच्या छोट्या खदानी, जिथे खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत, आणि सुरुंग लावत नाहीत, त्या बऱ्याचशा या कायद्याच्या बाहेर राहायच्या. क्रशर तर वेगळाच विषय. तिथल्या माणसाचं कुठल्याच रजिस्टरला नाव नाही, आणि गिट्टीची धूळ मात्र सगळ्यात जास्त तोच खातो. अनुदानाचा पैसा खरा याच माणसासाठी पाहिजे होता.

२०१७ मध्ये आम्हाला एका जिल्ह्याची वर्क ऑर्डर मिळाली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, तिथे आता चांगले लोक आहेत. पहिला टप्पा, १८६० माणसं, दर ६१० रुपये, त्यात फोटो, फुंक, कान, रक्तदाब, आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता फिल्म वाचायची. चार महिने आम्ही खदानींवर होतो. उन्हाळ्यात डार्करूममध्ये डेव्हलपर गरम व्हायचा, काका वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बर्फाच्या लाद्या टबाखाली ठेवून आत उभे. एक बाई होती, खडी भरणारी, ती म्हणे भाऊ, फोटू चांगला काढ बाप्पा, तीनदा टीबीच्या गोळ्या खाल्ल्या मी, खोकला जात नाही. असे आम्हाला कितीतरी भेटले. सिलिकोसिसला टीबी समजून गोळ्या द्यायच्या आणि पुन्हा त्याच धुळीत पाठवायचं, हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो हेही तितकंच खरं, म्हणून तर फिल्म नीट वाचता आली पाहिजे.

आमच्या रिपोर्टमध्ये सिलिकोसिसचे १४३ संशयित निघाले. ३० टक्के पैसे आधी मिळाले होते, बाकीचे आठ लाखाला थोडे कमी, ते रिपोर्टनंतर मिळायचे होते.

दुसरा टप्पा टेंडरने गेला. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, आला एक नवीन फर्म, दर २६५ रुपये. मी तिचं नाव घेणार नाही. २६५ रुपयात १४ बाय १७ ची फिल्म, केमिकल, डिझेल आणि दोन डॉक्टर बसतच नाहीत, कोणीही कागदावर मांडून बघावं. त्यांनी पोर्टेबल मशीन जीपमध्ये टाकलं, १२ बाय १५ ची फिल्म, ग्रिड नाही, एका दिवसात दोनशे माणसं. २१०० लोकांत त्यांचे संशयित निघाले सहा.

आणि मग जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. कमिटीत प्रश्न आला की शेजारशेजारच्या तालुक्यात एकीकडे १४३ आणि एकीकडे सहा, असं कसं, म्हणजे पहिल्या फर्मने आकडा फुगवला असणार. सहावाल्याला कोणी विचारलं नाही. आमचं बिल थांबलं, बँक गॅरंटी अडकली, फाईलवर त्रुटी निघाली, ती पूर्ण केली की दुसरी निघाली. एकदा तर त्रुटी अशी होती की १८६० फिल्मपैकी ४१२ फिल्म "जादा" आहेत कारण मूळ यादीत तेवढी नावं नाहीत. अहो खदानीवर गेल्यावर यादीत नसलेली माणसं पुढे येऊन उभी राहतात, आणि यादीतली निम्मी दुसऱ्या खदानीवर गेलेली असतात. तहसीलदारांच्या माणसाने तिथेच सही करून नावं वाढवली होती, ते कागद आमच्याकडे होते. तरी एकोणीस महिने.

या एकोणीस महिन्यात आमचा दुसरा टेक्निशियन, ज्याला काकांनी शिकवलं, तो त्याच फर्मकडे गेला. त्याला मी दोष देत नाही, दोन महिन्यांचा पगार मी दिला नव्हता. एक्स-रेची ट्यूब गेली, नवीन घ्यायला पैसे नाहीत. बायकोच्या बांगड्या आणि गोफ गहाण. २०१९ च्या जानेवारीत काका गेले, बिल निघायच्या आधी.

उमरेड रोडवरचे एक क्रशरवाले शेठ नसते तर हे लिहायला आम्ही धंद्यात नसतो. २००८ पासून ते आमचे गिऱ्हाईक, कायद्याने त्यांच्यावर बंधन असो नसो, वर्षाआड सगळ्या माणसांचा फोटो काढून घेणार. त्यांचा मोठा भाऊ त्यांच्याच खदानीत ड्रिल चालवायचा, टीबी टीबी करत गेला. काकांनी नंतर त्याची जुनी फिल्म बघितली होती, फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठी एकत्र झालेल्या, शेठला समजावून सांगितलं तेव्हा ते लाइटबॉक्ससमोर बराच वेळ उभे होते. त्यानंतर ड्रिलवर पाणी, क्रशरच्या जबड्यावर आणि बेल्टच्या टोकाला फवारे, कोरडं ड्रिल चालवणाऱ्याला घरी पाठवायचे. तर या माणसाने काकांच्या तेराव्याला मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ट्यूब घ्या, पुढच्या तीन वर्षाच्या तपासणीचे पैसे आताच देतो, पावती नंतर पाठवा." ट्यूब त्याच पैशातून आली.

मग एक नवीन अधिकारी आल्या. त्यांनी वाद बंद करायचा साधा उपाय काढला, दोन्ही टप्प्यांच्या साठ-साठ फिल्म नावं झाकून एकत्र केल्या आणि बाहेरच्या दोन डॉक्टरांकडे वाचायला दिल्या. त्यांच्या साठपैकी ४१ फिल्मना प्रत ४, वाचताच येत नाहीत. आमची एकही नाही. म्हणजे त्या २१०० माणसांतल्या बहुतेकांना तुम्ही ठीक आहात म्हणून घरी पाठवलं ते फिल्म न वाचता. आमचं बिल निघालं, व्याज नाही, आणि ४१२ फिल्मचे पैसे कापूनच. २०२० च्या फेब्रुवारीत. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला ते वेगळं. आणि त्या फर्मला नंतर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा काम मिळालं, हेही मी बघितलं.

जे या कामात नवीन येताय त्यांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. टेंडरच्या प्री-बिडला (दर भरायच्या आधीच्या बैठकीला) जा आणि लेखी मागणी करा की पैसे वाचता येणाऱ्या फिल्ममागे द्या, प्रत ४ ची फिल्म म्हणजे शून्य रुपये. एवढी एक ओळ टाकली की २६५ वाला आपोआप येत नाही. यादीत वाढलेल्या प्रत्येक नावावर त्याच दिवशी सही घ्या, दुसऱ्या दिवशी नाही. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) एक्स-रे लायसन्स आणि अंगावर पडलेले किरण मोजणारे टीएलडी बॅज तारखेत ठेवा, बिल अडवायला ते पहिलं कारण असतं. स्पायरोमीटर (फुंक मोजायचं यंत्र) रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने तपासा, धुळीच्या जागी तो लवकर खोटं बोलायला लागतो. मालकांनो, गमछा बांधून बारीक धूळ अडत नाही, जी फुप्फुसात खोल जाते ती डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पाणी मारा. राजस्थानात २०१९ ला धोरण आलं, सिलिकोसिसचा दाखला मिळाला की ३ लाख आणि माणूस गेला तर घरच्यांना २ लाख. आपल्या विदर्भातल्या खदान कामगारालाही तसा आधार मिळायला पाहिजे असं मला वाटतं, पण दाखल्याच्या आधी फिल्म लागते.

आता गाडी नवीन आहे, डिजिटल पॅनल आहे, बर्फाची लादी लागत नाही. नागपूरलाच जेएनएआरडीडीसी या ॲल्युमिनियम संशोधन संस्थेकडून प्रिझम नावाच्या योजनेत छोट्या उद्योगांना अनुदान मिळतं, खाण मंत्रालयाचं, तिथे खदानीवरच धूळ मोजायच्या एका उपकरणासाठी आम्ही अर्ज तयार करतोय. बायको कागद बघते, तिने या वेळी प्रत्येक पानाच्या तीन झेरॉक्स ठेवल्यात.

ज्यांचे पैसे कापले त्या ४१२ फिल्म आम्ही फेकल्या नाहीत. काकांनी लिफाफ्यांवर नाव, खदान आणि तारीख स्वतःच्या अक्षरात लिहून लोखंडी कपाटात लावल्या होत्या, गाव पाहून. मागच्या महिन्यात एक बाई आली, नवरा खदानीत होता, आता चालवत नाही त्याला. वकिलाने १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातून दावा टाकलाय आणि जुना एक्स-रे असेल तर आणा म्हणाला. मूळ यादीत त्याचं नाव नव्हतं. कपाटात दहा मिनिटात सापडला, १४ बाय १७, दोन्ही कोपरे पूर्ण, १/१ क्यू. मी लाइटबॉक्सवर लावून तिला दाखवला, मग पावती न करता लिफाफ्यासकट तिच्या हातात दिला.