काठावर उतरू नका: मिसूरी 340चा वृत्तांत

पहिल्या पन्नास मैलांतच माझ्या रडरची, म्हणजे नाव वळवणाऱ्या सुकाणूची, तार सुटली. कयाक भाड्याची होती आणि देणाऱ्याने "परवाच सगळं तपासलंय" असं छातीठोक सांगितलं होतं. डावं पेडल दाबलं की पाय नुसता आत जायचा आणि नाव आपली उजवीकडे, दगडांच्या बांधाच्या दिशेने. शेवटी लेंग्याची नाडी कामी आली. "असू दे, कुठेतरी लागते," म्हणून आईने ती बॅगेत टाकली होती. तर भाड्याची नाव निदान दोन दिवस आधी ताब्यात घ्या, सगळ्या सामानासकट पाण्यात घाला आणि दोन तास चालवून बघा. नाडीही न्या.

आता मिसूरी 340 ही भानगड काय ते सांगतो. अमेरिकेत कॅन्सस नदी मिसूरी नदीला मिळते तिथे कॉ पॉइंट आहे. तिथून सेंट चार्ल्सपर्यंत 340 मैल, म्हणजे 547 किलोमीटर, वल्हवत जायचं. शर्यत 2006 पासून होते. वेळ साधारण 85 तास. आकडा थोडा बदलत आलाय, तेव्हा त्या वर्षीचे नियम वाचा. ऐकून पोटात गोळा येतो, पण हिशेब करा. नदीच ताशी पाचएक किलोमीटरने नेते. हात मांडीवर ठेवून बसलात तरी 110 तासांत पोचाल. शर्यत उरलेल्या पंचवीस तासांची, आणि ते दंडाच्या जोरावर कमी आणि काठावर न रेंगाळण्यावर जास्त मिळतात. मला हे तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं, म्हणजे उशिराच.

सराव नर्मदेवर केला. शनिवारी पहाटे साडेचारला इंदूर सोडायचं, मंडलेश्वरला कयाक पाण्यात घालायची आणि महेश्वरच्या घाटापर्यंत खालीवर फेऱ्या मारायच्या. त्याच्याही खाली सहस्रधारेकडे लांब नाव नेऊ नका. तिथे नदी खडकांतून फुटून वाहते. 2023च्या खेलो इंडियातलं कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली नावांची शर्यत, तिथेच झालं, ती जागा त्यांचीच. नर्मदेचं पाणी वरच्या धरणांच्या मर्जीवर चालतं. वीज करायला पाणी सोडलं की सकाळी कोरडी असलेली पायरी दुपारी बुडालेली असते. म्हणून घाटावरच्या नावाड्याला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. आमचे नावाडी काका पायरीकडे एक नजर टाकून सांगायचे, "आज चढेगा भैया, नाव ऊपर बांधना." एकदाही चुकले नाहीत.

सरावातली चूक माझीच. दर दोन तासांनी घाटावर उतरून पोहे, चहा आणि गप्पा. इंदुरी माणूस, काय करणार! त्यामुळे खांदे तयार झाले, पाठ तयार झाली, बूड मात्र तयार झालं नाही. तुम्ही सरावाला जाल तेव्हा सहा तास नावेतून उतरू नका. खाणं, पिणं आणि त्यानंतरचं जे काही ते सगळं बसल्या जागी. तो शेवटचा भाग घरी कोणाला समजावून सांगायच्या फंदात पडू नका.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शर्यतीच्या नोंदणीआधीच बघून ठेवा. काठावर गाडी घेऊन पुढे पुढे जाणारा माणूस लागतो. माझं नशीब की मावसभाऊ तिकडेच राहतो, मूळ इंदूरच्या रामबागेतला, आता अर्धा अमेरिकन.

एकट्यांच्या नावा सकाळी सातला सुटतात, बाकीच्या तासाभराने. सुरुवातीची गर्दी आणि लाटा जाऊ द्या, कडेने निघा. पाणी आषाढातल्या नर्मदेसारखं गढूळ, बोट घातलं तर दिसत नाही. त्यामुळे ही नदी खाली बघून वाचता येत नाही, काठ बघून वाचावी लागते. मैलांचे आकडे मुखापासून मोजलेले आहेत, म्हणजे तुम्ही 367पासून उतरत 28च्या आसपास येता. काठावर धार कुठे आहे ते दाखवणाऱ्या पाट्या उभ्या केलेल्या असतात. त्यात टोकावर उभ्या केलेल्या चौकोनासारखी पाटी दिसली, तर खोल धार आता त्या काठाकडे वळतेय असं समजायचं. धारेच्या कडा दाखवायला पाण्यात रंगीत पिंपं तरंगत बांधलेली असतात. प्रवाहाबरोबर जाताना लाल पिंप डावीकडे आणि हिरवं उजवीकडे ठेवा. या पिंपांपासून लांबच राहा. जोराच्या धारेत ती पाण्याखाली ओढली जातात आणि फुस्सकन वर येतात. पहिल्या रात्री माझ्यापासून दोन नावांच्या अंतरावर एक असं वर आलं, तेव्हा तोंडातून जे निघालं ते शुद्ध इंदूरच्या राजवाडा चौकातलं होतं.

दगडी बांध त्याहून वाईट. धार मधोमध राहावी म्हणून काठापासून आडवे घातलेले आहेत. पाणी चढलं की बांध दिसत नाही, त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची खळखळ तेवढी ऐकू येते. रात्री कान उघडे ठेवा, गाणी लावू नका. मालवाहू बार्ज आली तर तिच्या पुढ्यातून कधीच जायचं नाही. चालवणाऱ्याला समोरचं जवळचं पाणी दिसतच नाही आणि तिला थांबायला खूप अंतर लागतं. बाजूला व्हा आणि लाटा येतील तेव्हा नाक त्यांच्याकडे करा. अंधार पडला की पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. सेल जास्तीचे घ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसूरीकाठच्या ग्लासगो गावी पोचलो. 227 किलोमीटर झाले होते, सावली होती, भावाने खुर्ची मांडली होती. म्हटलं, पंधरा मिनिटं बसतो. उठलो तेव्हा अडीच तास झाले होते. पुढे पहाटे धुकं इतकं दाटलं की नावेचं टोक दिसेना. वाळूवर नाव ओढून दीड तास गप्प बसलो. धुक्यात वल्हवू नका, कोणी कितीही म्हणो. पण ग्लासगोचे ते अडीच तास हाताशी असते, तर धुक्याची चिंताच नव्हती. जेफरसन सिटीला पोचलो तेव्हा रीपर अर्ध्या तासावर होता. रीपर म्हणजे वेळेच्या मर्यादेच्या वेगाने मागून येणारी बोट. ठरलेल्या ठाण्यावर ती तुमच्याआधी पोचली की तुमची शर्यत संपली. भावाने मला पाण्यातून वर येऊच दिलं नाही. "दादा, बाटल्या दे, भात घे, निघ." चारच मिनिटं लागली. तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी असंच केलं. तुमच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की खुर्ची आणायची नाही.

खाण्याबद्दल. इंदूरहून लौंग सेवेची सीलबंद पाकिटं नेली होती. पहिल्या दिवशी ती अमृत वाटली. दुसऱ्या दिवशी जीभ सोलवटली आणि सेव काट्यासारखी टोचायला लागली. गोडाची शिसारी आली. शेवटपर्यंत चाललं ते ताकात कालवलेलं मिठाचं सत्तू आणि वहिनीचा पातळ दहीभात, डब्यातून पिता येईल इतका. ऊन आपल्या मे महिन्यासारखं वाटेल म्हणून गाफील राहू नका. हवेत दमटपणा आहे, घाम वाळत नाही. बाह्यांचा शर्ट घाला. बोटांना फोड येण्याआधी चिकटपट्टी लावा, आल्यावर ती ओल्या कातडीला चिकटत नाही.

तिसऱ्या रात्री हर्मन गावाच्या अलीकडे डाव्या काठावर महेश्वरचा घाट दिसला. पायऱ्या, दिवे, कपडे धुणाऱ्या बायका. मला पक्कं माहीत होतं की ती झाडं आहेत, तरी मी हात केला. असं काही दिसू लागलं की वीस मिनिटं झोपा, पण नाव बांधून, लाइफ जॅकेट न काढता, गजर लावून आणि भावाला कळवून.

सेंट चार्ल्सला शुक्रवारी संध्याकाळी पाचला पोचलो, 82 तास झाले होते. मूठ मिटत नव्हती, त्यामुळे चमचा धरता येईना. भावाने आणलेली खुर्ची तेवढी घेतली. कयाक परत करताना नाडी सोडवून घेतली. आई विचारेल.