तुम्ही विचारलंत म्हणून : केबल बसते, मग डिस्क का वाचत नाही?

कोल्हापुरात जुने घरगुती संगणक चालते ठेवण्याचा नाद असलेले लोक मोजकेच आहेत. त्यामुळे कोणाच्या माळ्यावरून ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निघाला किंवा कोणाच्या काकांनी परदेशातून आणलेला कमोडोर वाटणीत आला, की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो आणि त्याच्यासोबत एक ठरलेला प्रश्नही येतो. "याची फ्लॉपी ड्राइव्ह बिघडली आहे. घरात पीसीमधली ३.५ इंची ड्राइव्ह पडून आहे, तिची केबलही ३४ पिनांचीच आहे. ती लावली तर चालेल ना? की सरळ गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह वाचणारी ड्राइव्ह, बसवून टाकू?"

यावर मी आधी एवढेच विचारतो, की तुमच्याकडे वाचायच्या डिस्क आहेत का? असतील, तर मूळ ड्राइव्ह कितीही कुरकुरत असली तरी ती भंगारात घालू नका. नसतील, तर गोटेक बसवा आणि निश्चिंत व्हा. ड्राइव्ह बदलण्याचा निर्णय संगणकाकडे पाहून नव्हे, तर डिस्कांच्या डब्याकडे पाहून घ्यावा, असे माझे मत आहे. ते का, हे सांगायचे तर ड्राइव्ह 'चालणे' म्हणजे नेमके काय काय जुळणे, हे आधी पाहावे लागते.

३४ पिनांची मांडणी शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीच्या १९७६ सालच्या एसए-४०० या ५.२५ इंची ड्राइव्हपासून चालत आली. विषम क्रमांकाच्या सगळ्या पिना ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि संकेत सम पिनांवरून जातात. १०, १२ आणि १४ या पिनांवरून संगणक कोणत्या ड्राइव्हला हाक मारायची ते ठरवतो आणि १६ वरून मोटर चालू करतो. पुढे घरगुती संगणक बनवणाऱ्या बहुतेकांनी थोड्याफार फरकाने हीच पद्धत उचलली. आयबीएमने मात्र १९८१ च्या पीसीमध्ये प्रत्येक ड्राइव्हच्या मोटरला वेगळी तार दिली आणि केबलमध्ये १० ते १६ या तारांना पीळ घातला. त्या पिळामुळे सगळ्या पीसी ड्राइव्ह 'दुसरी ड्राइव्ह' म्हणून ठरवूनच कारखान्यातून येऊ लागल्या. जुन्या ड्राइव्हवर हे बदलण्यासाठी दोन पिना जोडणारा छोटा जम्पर असे. नंतरच्या स्वस्त ड्राइव्हवरून तोही गेला.

याचा परिणाम बीबीसी मायक्रोवर स्वच्छ दिसतो. सरळ केबलने पीसीची ड्राइव्ह जोडली, डिस्क घातली आणि शिफ्ट धरून ब्रेक दाबले, की काहीच घडत नाही, आणि माणूस ड्राइव्ह मेली असे समजतो. वास्तविक ती ड्राइव्ह १ क्रमांकावर ऐकत बसलेली असते आणि संगणक शून्य क्रमांकाला हाका मारत असतो. अशा वेळी 'स्टार ड्राइव्ह १' (स्टार म्हणजे * ही खूण) असे टंकून मग 'स्टार कॅट' दिले, की दिवा लागतो, हेड खरखरते आणि फाइलींची यादी पडद्यावर येते. बीबीसीच्या डीएफएस या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीत पहिल्या ड्राइव्हच्या दोन बाजू म्हणजे ० आणि २, तर दुसरीच्या १ आणि ३, हे एकदा ध्यानात आले की निम्म्या 'बिघडलेल्या' ड्राइव्ह आपोआप दुरुस्त होतात. आणखी एक सोपी खूण सांगतो : वीज देताच ड्राइव्हचा दिवा लागला आणि तो विझेचना, तर केबल उलटी बसली आहे. त्याने सहसा काही जळत नाही. केबल काढून लाल कडेची तार १ क्रमांकाच्या पिनेकडे करावी, एवढेच.

कमोडोरच्याच अमिगा या संगणकाचे दुखणे वेगळे आहे. पीसीची ड्राइव्ह ३४ क्रमांकाच्या पिनेवर 'डिस्क बदलली' असा संकेत देते, पण अमिगा त्याच पिनेवर 'ड्राइव्ह तयार आहे' हा संकेत शोधतो, आणि डिस्क बदलल्याची वर्दी त्याला २ क्रमांकाच्या पिनेवर हवी असते. काही ड्राइव्हच्या सर्किटच्या पाटीवर डाख देऊन हे फिरवता येते, काहींवर मुळीच येत नाही. त्यामुळे अमिगासाठी पीसीची ड्राइव्ह विकत घेण्यापूर्वी तिचे मॉडेल पाहावे. अटारी एसटी त्या मानाने सालस; ड्राइव्ह शून्यावर निवडता आली, की तो बहुधा तक्रार करत नाही. कमोडोर ६४ ला मात्र हा प्रश्नच लागू पडत नाही, कारण त्याची १५४१ ही ड्राइव्ह स्वतःचा प्रोसेसर असलेला एक स्वतंत्र संगणक आहे. ती सिरियल केबलने बोलते आणि माहिती वेगळ्याच सांकेतिक पद्धतीने लिहिते. तिच्या जागी पीसीची ड्राइव्ह लावण्याचा विचार सोडून द्यावा.

इथवरचे सारे तारांचे होते, आणि तारांचे दुखणे उपायाने सुटते. खरी पंचाईत डिस्कच्या चुंबकीय थरात असते.

५.२५ इंची ड्राइव्ह दोन प्रकारच्या आहेत, ४० ट्रॅकच्या आणि ८० ट्रॅकच्या (ट्रॅक म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याची वर्तुळे). ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे हेड जवळपास निम्म्या रुंदीचे असते. ती ड्राइव्ह एकेक ट्रॅक सोडून पावले टाकत ४० ट्रॅकची डिस्क वाचू शकते, आणि म्हणूनच जुन्या ड्राइव्हच्या तोंडावर ४०/८० असा खटका दिसतो. वाचणे ठीक आहे. लिहिणे घातक आहे. रुंद कुंचल्याने ओढलेल्या पट्ट्यावर अरुंद कुंचल्याने दुसरा रंग मारावा, तशी जुनी माहिती नव्या माहितीच्या दोन्ही कडांना शिल्लक राहते. ज्या ड्राइव्हने लिहिले तिला ती दिसत नाही, पण तीच डिस्क मूळच्या ४० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये घातली, की तिचे रुंद हेड जुने आणि नवे एकत्र वाचते आणि चुकांचा पाऊस पडतो. म्हणून शाळेच्या कपाटातून आलेली डिस्क कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी. ५.२५ इंची डिस्कवर खाच झाकली की लेखन बंद होते, ३.५ इंचीवर नेमके उलटे, तिथे भोक उघडे असले की लेखन बंद.

त्याच्या जोडीला घनतेचा, म्हणजे डिस्कवर माहिती किती दाटीने लिहायची याचा प्रश्न येतो. बाजारात उरलेल्या बहुतेक डिस्क हाय डेन्सिटीच्या आहेत, आणि ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक डबल डेन्सिटीसाठी, काही तर त्याहूनही जुन्या सिंगल डेन्सिटीसाठी बनलेले आहेत. ५.२५ इंचीत डबल डेन्सिटीचा थर सुमारे ३०० ओर्स्टेडचा (थराचे चुंबकत्व बदलायला लागणाऱ्या जोराचे एकक) आणि हाय डेन्सिटीचा सुमारे ६०० ओर्स्टेडचा, म्हणजे दुप्पट हट्टी. जुन्या ड्राइव्हचा क्षीण प्रवाह तो थर नीट वळवूच शकत नाही, त्यामुळे तिथे तडजोड नाही. ३.५ इंचीत दोन्ही थरांमधले अंतर कमी असल्याने हाय डेन्सिटीच्या डिस्कचे जादा भोक चिकटपट्टीने झाकून काम भागते. एखादा खेळ चालवून पाहण्यापुरते ते चालेल. जपून ठेवायच्या मजकुरासाठी मी तसे करत नाही. नवी डिस्क मिळण्याची आशाही धरू नये, कारण सोनीने जपानातली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्येच थांबवली.

बीबीसीच्या बाबतीत 'अपग्रेड'चा आणखी एक अर्थ आहे. जुन्या मॉडेल बी मध्ये डिस्कसाठी इंटेलची ८२७१ ही चिप बसवत, आणि ती फक्त सिंगल डेन्सिटी जाणते : एका ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर, म्हणजे ४० ट्रॅकवर १०० आणि ८० ट्रॅकवर २०० किलोबाइट, आणि एका बाजूला फायली फार तर ३१. तिच्या जागी १७७० चिपची छोटी पाटी बसवली, की डबल डेन्सिटी मिळते आणि एडीएफएस ही दुसरी फाइल-पद्धत चालवून ८० ट्रॅकच्या दुबाजू डिस्कवर ६४० किलोबाइटपर्यंत जाता येते. हे आकडे मोहात पाडणारे आहेत, पण नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या काही डिस्क ८२७१ लाच थेट हुकूम देतात आणि १७७० पुढे त्या अडून बसतात. म्हणून ८२७१ चालू असेल, तर मी तिला हात लावत नाही.

मूळ ड्राइव्ह जगवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या ५.२५ इंची ड्राइव्हच्या तळाशी एक चाक असते आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळे छापलेली असतात, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी आणि एक ६० च्या. आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ड्राइव्ह उताणी ठेवून मोटर चालू केली, की ५० च्या वर्तुळातल्या रेघा जागच्या जागी थिजलेल्या दिसायला हव्यात. तसे दिसले तर वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांचा आहे. रेघा चाकाच्या दिशेने पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी, आणि मोटरच्या पाटीवरचा बारीक स्क्रू केसभर फिरवून तो जुळवता येतो. आजच्या एलईडी दिव्याखाली हा प्रकार बहुधा जमत नाही, म्हणून एक जुनी पट्टी चोकसह मी मुद्दाम जपून ठेवली आहे. घरच्यांना तिचे प्रयोजन अजून पटलेले नाही. ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ आणि स्पेक्ट्रम प्लस थ्री यांच्या ३ इंची ड्राइव्हमध्ये रबरी पट्टा काळाने वितळून डांबरासारखा होतो; तो अल्कोहोलने पुसून नेमक्या मापाचा नवा घातला, की ड्राइव्ह बहुधा उठून बसते.

आपल्या गावात पट्ट्याहून मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशी धरते. मधले चक्र बोटाने हळू फिरवत लांबट खिडकीतून उजेडात पाहिले, तर पांढुरके ठिपके दिसतात. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते, आणि ते हेड पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे ओढत जाते. त्यामुळे प्रत्येक संशयित डिस्कनंतर मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसतो. एका बाजूच्या ड्राइव्हमध्ये हेडसमोर नमद्याची गादी असते, ती मात्र भिजू देत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या डिस्कांविषयीही विचारणा होते. गाळ लागलेली डिस्क तशीच वाळवू नये. पाकिटाची कड कापून आतली चकती काढावी, शुद्ध पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून ती अलगद धुवावी, सावलीत सुकवावी आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालून एकदाच वाचून घ्यावी. हे वाचन ग्रीझविझलसारख्या, आजच्या संगणकाला जोडायच्या पाटीने करावे, कारण ती फाइली न शोधता चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपते, आणि खराब ट्रॅकचा अर्थ नंतर सवडीने लावता येतो.

आता गोटेक. हे यंत्र मुळात आपल्यासारख्या छांदिष्टांसाठी बनलेलेच नाही. भरतकामाची आणि कारखान्यांतली फ्लॉपीवर चालणारी यंत्रे पुढे चालू राहावीत म्हणून ते आले, आणि शिवाजी उद्यमनगरात एखाद्या जुन्या सीएनसी यंत्रावर ते दिसले तर नवल वाटू नये. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) घातले, की पेनड्राइव्हवरच्या शेकडो डिस्क-प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या फाइलीतल्या नकला, एका बटणाने निवडता येतात, आणि मांडणी शुगार्टची हवी की आयबीएमची, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठरवता येते. बीबीसीसाठी त्यातच ॲकॉर्न हा यजमान (host) लिहावा लागतो. पिनांच्या ज्या भांडणावर पीसीच्या ड्राइव्हमध्ये डाख द्यावा लागे, ते इथे एका ओळीत मिटते. म्हणूनच पीसीची ड्राइव्ह आणि गोटेक यांत निवड करायची, तर मी बिनदिक्कत गोटेक सुचवतो. अपवाद एकच : ज्यांना खरी डिस्क खऱ्या ड्राइव्हमध्ये सरकवण्याचा आनंद हवा आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण मीही त्यांच्यातलाच आहे.

वीज जोडताना मात्र घाई नको. ५.२५ इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, तर गोटेक निव्वळ ५ व्होल्टवर चालते. ॲमस्ट्रॅड सीपीसीच्या अंतर्गत ड्राइव्हच्या वीजजोडणीत ५ आणि १२ व्होल्टच्या जागा पीसीच्या तुलनेत अदलाबदल झालेल्या आहेत. प्लग तंतोतंत बसतो आणि नवी ड्राइव्ह किंवा गोटेक क्षणात जळते, म्हणून तिथे आधी मल्टिमीटर लावावा.

बीबीसीवर मी स्वतः दोन्ही ठेवतो. एकाच केबलवर गोटेक शून्य क्रमांकाला आणि मूळ ५.२५ इंची ड्राइव्ह १ क्रमांकाला. खाचेवर चिकटपट्टी लावलेली जुनी डिस्क १ क्रमांकाच्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि 'स्टार कॉपी १ ० *.*' या हुकुमाने तिच्यातल्या फाइली गोटेकमधल्या कोऱ्या डिस्क-प्रतिमेवर उतरवून घ्यायच्या. कमोडोर ६४ असेल तर हे जमणार नाही. त्याच्या डिस्क १५४१ सकट घेऊन या.