कावळा शिवला, तेव्हा मी गोल्डर्स ग्रीनला होते

बाबा गेले तेव्हा माझा व्हिसा मुदतवाढीला गेलेला. निकाल यायच्या आत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. त्यामुळे डोंबिवलीतलं सगळं लंडनहून फोनवरच पाहिलं. ऑफिसने रजा दिली तीन दिवसांची, सुतक दहा दिवसांचं. चौथ्या दिवशी डबा भरून निघाले. घरी बसून तरी काय करणार? शेजारी कोण राहतं तेही धड ठाऊक नाही.

दहाव्याला भाऊ सकाळी नऊपासून घाटावर होता, म्हणजे इथले पहाटेचे साडेचार. जूनचा पाऊस. कावळे येत होते, पण पिंडाकडे बघत नव्हते. शेवटी मी आंघोळ उरकून कॉलिंडेलला ट्यूबची, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेची, नॉर्दर्न लाइन पकडली. गोल्डर्स ग्रीनला मेसेज आला.

'शिवला, ताई. आईला सांभाळू म्हटलं, ताईची काळजी करू नका म्हटलं, ढिम्म हलेना. मग म्हटलं, बाबा, चेतक विकणार नाही. लगेच आला.'

ती स्कूटर भंगारात काढायची म्हणून गेलं वर्षभर दोघांची वादावादी चालली होती. मला एकदम हसू फुटलं. तेवढ्यात दारं लागली, गाडी बोगद्यात शिरली, आणि हसण्याचा हुंदका कधी झाला ते कळलंच नाही. पुढचं हॅम्पस्टेड हे ट्यूबचं सगळ्यात खोल स्टेशन, जमिनीखाली 58.5 मीटर. तिथवर पोचेपर्यंत रुमाल भिजला होता.

समोरच्या माणसाने मान वर केली आणि माझ्या डोक्यावरचा मार्गाचा नकाशा वाचायला घेतला. मी त्याला रोज बघते, स्टेशनं त्याला पाठ असणार. तरी कॅमडेन टाउनपर्यंत एकेक नाव वाचत राहिला. शेजारच्या बाईने पेपर जरा उंच धरला. बास.

आजी गेली तेव्हा मी लेडीज डब्यात अशीच रडले होते. ठाण्यापर्यंत चौघींनी चौकशी केली. एकीने खिडकी दिली, एकीने राजगिऱ्याचा लाडू, आणि एकीने आजीला कुठल्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं तेही सांगितलं. तेव्हा तो लाडू फार गोड लागला होता. पण इथे मला कुणी 'काय झालं?' विचारलं असतं तर कावळा, पिंड आणि चेतक इंग्रजीत कसं सांगणार होते? इथली माणसं कोरडी, असं मीही फोनवर म्हणत आलेय. त्या माणसाचं नकाशा वाचणं मात्र मला कोरडं नाही वाटलं.

संध्याकाळी एम्बँकमेंटला परतीची गाडी. तिथे उत्तरेकडे जाणाऱ्या नॉर्दर्न लाइनच्या प्लॅटफॉर्मवर 'माइंड द गॅप' (गाडी आणि प्लॅटफॉर्ममधली फट सांभाळा) ही सूचना ऑस्वाल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात लागते. ते 2007 मध्ये वारले. त्यांची बायको तो आवाज ऐकायला इथे येऊन बसायची. 2012 च्या अखेरीस नवी यंत्रणा आली आणि आवाज गेला. तिने चौकशी केल्यावर 2013 मध्ये तो इथे परत लावला. गोष्ट मला आधीपासून माहीत होती, आवाज मात्र कानावरून जायचा. त्या दिवशी बाकावर बसून ऐकला. तीन गाड्या सोडल्या.

मग भावाला मेसेज टाकला, 'चेतकवर काहीतरी झाक रे, पाऊस आहे.'