आमची वाटचाल : कुर्ल्याचा गाळा आणि एई-वन

अण्णांनी कुर्ला स्टेशनजवळ गाळा घेतला तो १९७९ साली. त्याआधी ते फोर्टात दुसऱ्याच्या काउंटरवर रिपेअरचे कॅमेरे उघडायचे. कॅननचा एई-वन १९७६ मध्ये निघाला, पण आमच्या गल्लीत तो पोचला आखातातून सुट्टीवर आलेल्यांच्या बॅगेतून. शटरचा स्पीड आपण लावायचा, लेन्सची रिंग 'ए'वर ठेवायची, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, कॅमेरा ठरवणार. आत मायक्रोप्रोसेसर. बॅटरी संपली की शटर पडतच नाही.

तेवढ्यावरून मागच्या गल्लीतल्या एका जुन्या मेकॅनिकने (नाव घेत नाही, जुन्या गिऱ्हाइकांना कळेल) सांगत सुटायला सुरुवात केली, "बॅटरीवाला कॅमेरा रिपेअर होत नाही. तिकडे टाकलात तर पार्ट काढून घेतात." या धंद्यात याहून वाईट बोल नाही. चोर म्हटलेलं परवडलं.

अण्णांनी पहिला एई-वन आठ दिवस टेबलावर उघडा ठेवला होता. वरचं कव्हर धातूचं दिसतं, असतं प्लास्टिक. खाली पातळ पट्टीसारखं सर्किट, कागदासारखं दुमडलेलं. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की गेलं. शिवाय जपानी स्क्रू. आपला बाजारातला स्टार पेचकस त्यात नीट बसत नाही, फिरवला की डोकं गोल होतं. अण्णांनी तीन पेचकसांची टोकं तेलाच्या दगडावर घासून बसती केली. मुठींना सायकलची रबरी नळी गुंडाळलेली. तिन्ही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, आणि ते मी पोरांना वापरू देत नाही.

एई-वनचा खोकला तुम्हाला माहीत असेलच. बटण दाबलं की चिरका आवाज. लोकांना वाटतं शटर गेलं. शटर ठणठणीत असतं, आरशाच्या गिअरचं तेल वाळलेलं असतं. इंजेक्शनची सुई वाकवायची, आत न्यायची, एक थेंब. दुसरा थेंब टाकलात तर तो फिरत फिरत मॅग्नेटवर जातो आणि मग कॅमेरा खरंच बंद पडतो. स्प्रे मारून आणलेले कॅमेरे मी वासावरूनच ओळखतो.

१९८६ ते २००४ काम भरपूर होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं. आम्हाला फक्त मिठी नदी दिसत होती, गाळ्यात शिरलेली. लाइट गेलेली. हाताला लागलं ते माळ्यावर फेकलं, खालचं कपाट राहिलं. चौतीस कॅमेरे, सगळे गिऱ्हाइकांचे. मेकॅनिकल होते ते उघडले, धुतले, वाळवले, त्यातले बरेच उठले. एई-वन अकरा होते. आठवड्याभरात सर्किटवर हिरवं चढलं. एक वाचला.

अण्णांनी डिपॉझिट मोडलं. पावतीबुकातली नावं काढून एकेकाला बोलावलं. तेवढ्यात मागच्या गल्लीतून नवी बातमी : "पाण्यातले कॅमेरे पुसून परत देतायत." डिजिटलमुळे धंदा आधीच घटायला लागला होता, उरलेला या एका वाक्याने गेला. त्या दिवाळीत आम्ही एका दिवसात एक फ्लॅश विकला, बस.

बोलावलेल्यांत घाटकोपरचे एक लग्नाचे फोटोग्राफर होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा शटरचा स्पीड, साठावर ठेवून त्यांनी दोन एई-वनांवर शेकडो लग्नं काढली. एक बुडाला होता. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते माझ्याकडेच सरकवलं आणि पिशवीतून दुसरी बॉडी काढली, तीन महिने बंद असलेली.

"पैसे ठेव रे. बुडालेल्यातले पार्ट काढ आणि हिच्यात घाल."

प्रिझम, बॅटरीचा दरवाजा, वाइंडिंगचा दांडा. पार्ट काढले, लावले, आणि पावतीवर एकेक लिहून दिले. ती सवय तेव्हापासून. जुना पार्टही पुडीत बांधून परत देतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

आता कॉलेजची पोरं आजोबांचे एई-वन घेऊन येतात. ऐका : बॅटरीचा दरवाजा नाण्याने उचकटू नका, तो तुटतोच. घेण्याआधी बॅटरी चेकचं बटण दाबा, व्ह्यूफाइंडरमधला काटा ५.६ च्या खाली थांबला पाहिजे. मागच्या झाकणाचा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर आधी तो बदला, मग रोल भरा. आणि सहा महिने वापरणार नसाल तर बॅटरी काढा. कुणी काढत नाही.

मागच्या महिन्यात एक तिशीतला मुलगा आला. एई-वन, खोकला, दरवाजा तुटलेला. चेहरा पाहिल्याबरोबर ओळखला, बापाचंच नाक. पावती करताना पूर्ण नाव विचारलं. त्याने फक्त स्वतःचं सांगितलं.

"वडिलांचं नाव?"

त्याने सांगितलं. मी सावकाश लिहिलं, बदललेल्या पार्टच्या खाली, आणि पूर्ण पैसे घेतले.